आईचा रिपोर्ट

निरोप आला तेव्हा थोरला आईच्याच बॅडमिंटनच्या रॅकेटचं गटिंग करत होता. बावीस उभ्या तारा ओढून झाल्या होत्या, आडव्यांपैकी सहावी हातात होती. आईनं तेवीस पौंडांचा ताण सांगितला होता आणि त्यानं मशीन गुपचूप विसावर लावलं होतं. खुबा बदलून अकरा महिने झालेल्या अडुसष्ट वर्षांच्या बाईला तेवीस पौंड कशाला हवेत, असं त्याचं म्हणणं. पण ते तिच्या तोंडावर सांगायची छाती नव्हती. रॅकेटच्या मुठीला दोऱ्यानं बांधलेल्या चिठ्ठीवर टिकलीच्या अक्षरात एकच शब्द होता, 'आई'. दुकानाची शिस्तच तशी. वडील होते तेव्हापासून चिठ्ठीवर एकच शब्द लिहायचा: 'डेंटिस्ट', 'लांब्या', 'डावखुरी'. जास्त लिहिलं की कुणी वाचत नाही, असं ते म्हणायचे. टिकली म्हणजे थोरल्याची एकोणीस वर्षांची लेक. सुट्टीत दुकानात बसून ती हीच शिस्त शिकली होती, आणि फोनवरचे तिचे निरोपही चिठ्ठ्यांसारखेच असायचे.

आताचाही तसाच होता. एका कागदाच्या खालच्या अर्ध्या भागाचा फोटो आणि त्याखाली तीन तुकडे: 'आईचा रिपोर्ट. उणे साडेतीन. खूप वाईट आहे.'

थोरल्यानं तो तीनदा वाचला. गेल्या महिन्यात सर्जननं त्याला समोर बसवून सगळं नीट समजावलं होतं. नवा सांधा छान बसलाय. चालणं, पोहणं, सायकल हवी तेवढी करा. दुहेरीचा हलका खेळही चालेल, फक्त उड्या नकोत आणि लांब ढांगा नकोत. पण त्याआधी हाडांची घनता मोजून आणा. आकडा शून्याच्या आसपास असला तर तरण्या माणसाचं हाड. उणे अडीचच्या खाली गेला तर हाड ठिसूळ झालं असं समजायचं, ते साध्या ठेचेनंही मोडू शकतं. आणि धातूच्या सांध्याला लागून असलेलं हाड मोडलं तर ती दुरुस्ती पहिल्या ऑपरेशनपेक्षा कितीतरी किचकट. हे सांगताना सर्जननं टेबलावरची पेन्सिल दोन्ही हातांत धरून मोडल्यासारखं केलं होतं. ती पेन्सिल आता थोरल्याच्या डोळ्यांपुढे आली.

उणे साडेतीन. आणि उद्या सकाळी दहा वाजता क्लबच्या कोर्टावर आईची मॅच.

हातातली तार चिमट्यातून सुटली आणि मनगटावर सपकन बसली, तेही त्याला नंतर कळलं. त्यानं टिकलीला फोन लावला. ती उचलत नव्हती. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही हा वहिनीनं तिला घातलेला दंडक होता, आणि वहिनीचं म्हणणं या घरात पाळणारं टिकली हे एकमेव माणूस. मग त्यानं बहिणीला फोन केला, मग भावाला. अर्धवट विणलेली रॅकेट मशीनवर तशीच ठेवून त्यानं शटर ओढलं आणि जिना चढून वर गेला. शनिवारचे साडेअकरा म्हणजे गिऱ्हाइकांची ऐन वेळ. या वेळेला हे शटर तीस वर्षांत दोनदाच खाली आलं होतं, वडील गेले त्या दिवशी आणि आईला ऑपरेशनला नेलं त्या दिवशी.

*

बहीण, म्हणजे घरातली मास्तरीण, शाळेतून होती तशी निघाली. खरं म्हणजे ती आता मुख्याध्यापिका होती, पण घरात तिची बढती कुणी मनावर घेतली नव्हती. कानामागे लाल पेन तसंच राहिलं होतं. वाटेत टॅक्सीत थोरल्यानं पुढे पाठवलेला तो फोटो ती पुन्हा पुन्हा उघडत होती आणि आकड्यापलीकडे एक अक्षर वाचत नव्हती. तिला रडू येत होतं, कारण दोष तिचा होता. महिन्यापूर्वी जेवणाच्या टेबलावर आईच्या खेळण्यावरून मतं पडली तेव्हा धाकट्याच्या बाजूनं तीच उभी राहिली होती. आईनं चालता यावं म्हणून ऑपरेशन केलंच नाही दादा, खेळता यावं म्हणून केलंय, हे वाक्य तिचंच. दोघांनी मिळून थोरल्याला गप्प केलं होतं.

वर आली तेव्हा दार वहिनीनं उघडलं. नेहमीप्रमाणे ओल्या हातांनी. मास्तरीण तिच्या खांद्यावरून आत पाहत म्हणाली, आईला सांगितलं का? वहिनीनं नाही अशी मान हलवली आणि बाजूला झाली.

या घरात 'वहिनी' हे नातं नव्हतं, नाव होतं. बावीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली तेव्हा धाकटा बारा वर्षांचा होता आणि दिवसातून शंभरदा 'वहिनी' म्हणून तिच्यामागे फिरायचा. मग मास्तरीण म्हणू लागली, मग आई, मग दुकानातली गिऱ्हाइकं. नवरासुद्धा एकदा चारचौघांत 'वहिनी, माझा चष्मा' म्हणाला होता, त्यावर लोक अजून हसतात. टिकलीला वाचा फुटली तेव्हा तिनं कानावर पडत होतं तेच उचललं. आजीला सगळे आई म्हणायचे म्हणून आजी 'आई' झाली, आणि जिनं जन्म दिला ती 'वहिनी'. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट पाहुण्यांसमोर लेकीला मुद्दाम विचारायचे, ही कोण गं? ती बोबडं 'वयनी' म्हणायची आणि सगळं घर लोटपोट व्हायचं. वहिनीही हसायची.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. घोट्याला वजनाची पट्टी बांधून ती पाय सरळ करत होती, दहा मोजत होती, खाली घेत होती. धाकटा भिंतीला टेकून उभा होता, कोर्टावरचे बूट हातातच. तो क्लबात मुलांना शिकवायचा आणि उद्या दुहेरीत आईचा जोडीदार तोच होता. सात वर्षं ही जोडी हरली नव्हती, मग आईचा खुबा संपला. हाडावर हाड घासायचं. शेवटच्या वर्षी ती कोर्टाबाहेर खुर्ची टाकून बसायची आणि गुण मोजायची, आणि तेव्हा तिचा चेहरा पाहवत नसे.

"सगळ्यांची तोंडं अशी का? कुणी गेलं का?" आईनं विचारलं.

मग थोरल्यानं सांगितलं. त्याला गोड बोलता येत नाही. त्यानं आकडा सांगितला, पेन्सिल सांगितली आणि उद्या मॅच नाही असं सांगितलं. उद्याच काय, पुन्हा कधीच नाही.

आईनं वाकून एका घोट्याची पट्टी सोडली, मग दुसऱ्या. दोन्ही पट्ट्या खिडकीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. मास्तरणीला वाटलं, ती आता चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मला तर दहा वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं," ती एवढंच म्हणाली.

त्यावर तिघं मुलं एकदम बोलू लागली, आणि तिच्याशी सोडून सगळ्यांशी. थोरल्याचं म्हणणं, आधी काठी हातात द्यायची आणि मग बाकीचं. मास्तरणीनं आज बाजू बदलली. क्लबला मी कळवते म्हणाली, न्हाणीघरात रबरी चटई घाला, जिना बंद करा, आईची खोली खाली दुकानामागे हलवा. धाकटा एकटा पडला. त्याचं म्हणणं, यंत्रं चुकतात, दुसरीकडे तपासणी करू, एका कागदावरून माणसाला जिवंतपणी कपाटात ठेवू नका. थोरल्यानं त्याला विचारलं की तुला आईची काळजी आहे की उद्याच्या कपाची. ते धाकट्याला फार लागलं, आणि लागल्यावर त्याची जीभ सुटते.

"अरे, दोन महिने खेळतेय ती. काही झालं का?"



बोलून बसल्यावर धाकट्याला कळलं आपण काय केलं ते. पण आता सगळं सांगणं भाग होतं. रोज दुपारी दुकान बंद असतं त्या तासाभरात मागच्या गोदामात कपड्यांची दोरी नेटइतक्या उंचीवर बांधून सराव चालायचा. आधी जागेवर उभं राहून, मग एक पाऊल, मग दोन. पलीकडून हातानं शटलचं फूल टाकायचं काम वहिनीचं.

थोरला वहिनीकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तूच फूल टाकत होतीस?"

"आईंनी सांगितलं म्हणून."

या सरावाचा बेत धाकट्यानं आखला होता, दोरीची उंची त्यानं मोजली होती, रोज किती फुलं टाकायची हे त्यानं कागदावर लिहून दिलं होतं. पण आता तो बुटाच्या नाड्यांकडे पाहत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि ती देणारी माणसं नेहमी घरचीच असतात.

मास्तरणीचा आवाज शाळेतला झाला. ओरडण्यापेक्षा तो वाईट. "वहिनी, तुमच्या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो. इतकी ठिसूळ हाडं, आणि तुम्ही तिला पळवत होतात. हाड मोडलं असतं तर कुणाला तोंड दाखवलं असतं?"

आई मध्ये काही म्हणणार होती. पण थोरल्यानं हात वर केला आणि तू थांब म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा आई मुलाच्या सांगण्यावरून थांबली. याची लाज तिला पुढच्या दहा मिनिटांत वाटायची होती.

"चहा टाकते," वहिनी म्हणाली आणि आत गेली.

*

स्वयंपाकघरात येऊन वहिनीनं पाण्याचं भांडं गॅसवर ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिली. तिला राग आला नव्हता. बाहेर जे बोलत होते ते खरंच असेल, असं तिला वाटत होतं, कारण गेलं वर्षभर आईंच्या अंगाचा हिशेब तिच्याकडे होता. दूध दोन वेळा, कॅल्शियमची गोळी जेवणानंतर, सकाळचं ऊन पाऊण तास गच्चीवर. मग कुठं कमी पडलं? आई उन्हात खुर्ची टाकून बसायच्या तेव्हा वहिनी टाकीच्या सावलीत कपडे पिळायची आणि मधूनमधून त्यांना, बाह्या वर करा, हातांना ऊन लागू द्या, म्हणायची. दूध कमी पडू नये म्हणून तिनं आपला चहा कोरा केला होता. त्याची आता सवय झाली होती.

तिला ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस आठवला. आईंना न्हाणीघरात नेताना ती रोजच्यासारखी म्हणाली होती, "माझ्या खांद्यावर हात ठेवा, आई." त्यांचा पाय सटकला आणि सगळा भार तिच्यावर आला. तिनं सोडलं नाही. काहीतरी कट्कन वाजलं. तिचा जीवच गेला. नवा सांधा निखळला असं वाटलं. मग पाठीतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की वाजली ती आपली पाठ, आईंचा सांधा नाही. तिला हायसं वाटलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात? पाठ सगळ्यांचीच दुखते. चार महिन्यांपूर्वी जिन्यात हात टेकला तेव्हा मनगट सुजलं, तेही तिनं पट्टी बांधून काढलं.

पाण्याला आधण आलं. तिनं साखरेचा डबा शोधला. तो वरच्या फळीवर होता. पूर्वी टाचा उंचावल्या की हात पोचायचा. हल्ली या वर्षात पोचेनासा झाला होता. घर वाढतंय का तू आटतेयस, असं थोरला एकदा गमतीत म्हणाला होता. तेव्हापासून तिनं दाराआड एक स्टूल ठेवलं होतं.

*

बाहेरच्या खोलीत आता काठी कुठली घ्यायची यावर बोलणं चाललं होतं. एका टेकूची की चार पायांची. आई ऐकत होती. खेळ सुटला हे तिच्या मनात अजून शिरत नव्हतं. शिरलं होतं ते एवढंच, की आपल्या अंगाविषयी सगळे बोलताहेत आणि तो कागद आपण पाहिलासुद्धा नाही.

"फोन दे इकडे," ती थोरल्याला म्हणाली.

कशाला, उगाच त्रास करून घेऊ नकोस, वगैरे झालं. तिनं हात पुढे केलेलाच ठेवला. शेवटी त्यानं फोन दिला. तिनं चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि रॅकेटच्या तारा तपासायची तशी एकेक ओळ वरपासून खालपर्यंत वाचली. नाव वरच्या अर्ध्या भागात असणार, ते फोटोत आलं नव्हतं. खाली मणके होते, एकेकाचा आकडा. एका मणक्यापुढे 'दबलेला' असं लिहिलं होतं. मग डावा खुबा. मग उजवा खुबा.

ती तिथंच थांबली. पुन्हा वाचलं.

"हा कागद माझा नाही."

मास्तरणीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. वाईट बातमी आधी कुणालाच आपली वाटत नाही, असं काहीतरी ती म्हणाली.

आईनं तो हात बाजूला केला. "इथं उजव्या खुब्याचं हाड मोजलंय. उणे तीन. माझा उजवा खुबा त्या डॉक्टरनं अकरा महिन्यांपूर्वी काढून फेकला. तिथं धातू आहे. धातूतलं कुठलं हाड मोजलं यांनी?"

थोरल्यानं फोन घेतला. धाकट्यानं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. मग मास्तरणीनं. टॅक्सीत तिनं हा फोटो वीसदा पाहिला होता. उजवा, डावा, दोन्ही होते. अगदी ठळक.

आणि मग खोलीत अशी सुटका झाली की विचारू नका. थोरला खुर्चीत धपकन बसला आणि हसायला लागला. धाकटा म्हणाला, मी म्हटलं नव्हतं? मी म्हटलं नव्हतं यंत्रं चुकतात? यंत्र चुकलं नाही, तिथली माणसं चुकली, कुणाचा कागद कुणाच्या हातात दिला, सोमवारी जाऊन एकेकाला धरतो, असं थोरला म्हणत होता, पण त्यात राग नव्हता. मास्तरणीनं डोळे पुसले, कानामागचं पेन तिला आता सापडलं.

"कुण्या बिचारीचा असेल कोण जाणे," ती म्हणाली. "तिच्या घरच्यांना अजून पत्ताही नसेल."

तेवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. टिकली. त्यानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला आणि खुशीतच विचारलं की अगं, कुणाचा रिपोर्ट पाठवलास तू?

"सांगितलं ना. आईचा." ती जिना चढत असावी, तिला धाप लागली होती.

"वेडाबाई, तो आईचा नाहीये. तिचा उजवा खुबा..."

"बाबा, आईचा. माझ्या आईचा." ती थांबली. जिन्यातला तिच्या पावलांचा आवाजही थांबला. "वहिनीचा."

हे असं काही कानावर पडलं की माणसं ओरडतात, हे फक्त नाटकात. इथं टिकली एकटीच बोलत राहिली, भराभर, रडत. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, या तुमच्या कोण? मी म्हटलं, आई. तो म्हणाला, तुमच्या आईंना आजच डॉक्टरांकडे न्या, मणका दबलाय, तो आधीच मोडून गेलाय, त्यांना कळलंसुद्धा नसेल. मग माझ्या हातून तेच लिहिलं गेलं. वर डॉक्टरांकडे गेले होते वेळ घ्यायला, म्हणून उशीर झाला. आणि आजीचाही रिपोर्ट आलाय. उणे एक पूर्णांक एक. वयाच्या मानानं उत्तम म्हणाले. खेळू दे म्हणाले.

आजी. आईनं हा शब्द नातीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

खेळू दे म्हणाले. अकरा महिने तिनं याच तीन शब्दांसाठी काढले होते. आता ते आले आणि तिला कुठं ठेवावेत ते कळेना. तिला गुरुवारची ती थंडगार खोली आठवली. ती यंत्राच्या टेबलावर झोपली होती, आणि वहिनी तिचे बूट काढायला वाकली ती उठताना भिंतीला धरून उठली. यंत्रावरची पोरगी चुणचुणीत होती. तिनं वहिनीला विचारलं, पाठ कधीपासून दुखते? पाळी कधी थांबली? चाळिसाव्या वर्षी, वहिनी म्हणाली होती, अगदी हळू. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं, आईलाही नाही. मग ती पोरगी म्हणाली, आजींनंतर तुम्हीही झोपा टेबलावर, तुमचीही तपासणी करू. आणि त्यावर टेबलावर झोपल्या झोपल्या आई हसून म्हणाली होती, "हिला काय धाड भरलीय? माझ्यासकट सगळं घर उचलते ही." तरी त्या पोरीनं वहिनीला झोपवलंच. आपले ते शब्द आता आईच्या कानात जसेच्या तसे वाजले. तिला स्वतःची शरम वाटली, अशी की बसवेना.

थोरला फोनकडे पाहत होता. 'आईचा रिपोर्ट' असं वाचलं तेव्हा आपल्या डोक्यात दुसरं कुणी आलंच कसं नाही, हे तो स्वतःला विचारत होता आणि उत्तर सापडायला नको असं त्याला वाटत होतं. इतकी ठिसूळ हाडं आणि तुम्ही तिला पळवत होतात, हे मास्तरीण दहा मिनिटांपूर्वी याच खोलीत वहिनीलाच बोलली होती. धाकट्यानं बूट खाली ठेवले. ते ठेवल्याचा आवाज केवढा तरी झाला.

आणि मग स्वयंपाकघरातून लादीवर स्टूल सरकवल्याचा आवाज आला.

हा आवाज या घरात रोज यायचा. दिवसातून चार वेळा. कुणी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. आज चौघांच्याही माना वर झाल्या.

सगळ्यांच्या आधी आई उठली. खुर्चीच्या हाताला न धरता, एका दमात, जशी ती सर्व्हिस घ्यायला उठायची. मुलं दारापर्यंत पोचायच्या आत ती आत होती. वहिनी स्टुलावर उभी होती, एक हात फळीवर, दुसरा डब्याकडे. स्टुलाचा एक पाय लादीच्या फटीत डुगडुगत होता. आईनं पुढे होऊन दोन्ही हातांनी स्टूल धरलं.

"डबा राहू दे," ती म्हणाली. "माझ्या खांद्यावर हात ठेव."

वहिनी दचकली. "अहो, तुम्ही कशाला? तुमचा पाय..."

"हात ठेव म्हटलं ना. आणि सावकाश उतर."

तिच्या आवाजात असं काहीतरी होतं की वहिनीनं ऐकलं. तिनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला. पण भार टाकला नाही. तळवा नुसता टेकवला, आणि आपल्या आपण एकेक पाय खाली घेत उतरली. आईला त्या हाताचं वजनच जाणवलं नाही. ती तशीच स्टूल धरून उभी राहिली.

खाली आल्यावर वहिनीनं वळून पाहिलं. दारात नवरा होता, नणंद होती, दीर होता, तिघंही तिच्याकडे पाहत होते. आपलं आणखी काय चुकलं, असा तिचा चेहरा झाला. तिनं आधी गॅस बारीक केला. चहा होतोच आहे, म्हणाली.

तिघांना बाजूला सारत टिकली आत आली. हातात दोन लिफाफे, डोक्यावर अजून हेल्मेट. ती वहिनीसमोर येऊन उभी राहिली. मग तिनं हाक मारली.

"आई."

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं, लेकीचे डोळे पाहिले, हातातले लिफाफे पाहिले, आणि काळजीनं सासूकडे वळली.

"आई," ती म्हणाली, "टिकली तुम्हाला हाक मारतेय."